आगोटीच्या तोंडावर: महाड ते दिवेआगर

रायगड जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा कुणालाही वाचता येतो. नद्यांच्या पातळ्या, दरडप्रवण गावांच्या याद्या, नियंत्रण कक्षांचे फोन, सगळं त्यात असतं. मी पुण्यात अकरावी-बारावीला भूगोल शिकवते, आणि हा आराखडा दरवर्षी वर्गात काढते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून मनात होतं की एकदा यादी हातात घेऊन डोंगरापासून किनाऱ्यापर्यंत जायचं आणि यादीत काय राहून गेलंय ते तिथल्याच माणसांना विचारायचं.

मेअखेरीला, आगोटीच्या म्हणजे पावसाळा लागायच्या तोंडावर, तो योग आला. सोबत मावसबहीण होती. ती स्थापत्य अभियंता, त्यामुळे भिंती, मोऱ्या आणि छपरं तिच्याकडे, नद्या-डोंगर माझ्याकडे. एका वहीत प्रत्येक थांब्यासाठी तीनच रकाने आखले: इथे काय येऊ शकतं, त्याच्या वाटेत कोण राहतं, आणि त्यांना निघायला किती वेळ मिळेल. तिसरा रकाना आराखड्यात सहसा सापडत नाही. आमचा बराचसा प्रवास त्या रकान्यापायीच झाला.

पहिला दिवस: ताम्हिणी, दासगाव, महाड

ताम्हिणी घाट सकाळीच उतरलो. वळणावर द्रोणात करवंदं विकणाऱ्या बायका होत्या, ढग नुसतेच जमून राहिले होते आणि माणगावला पोचेपर्यंत अंगाला घाम चिकटला.

दासगावला महामार्ग सोडून चहाला थांबलो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला सावित्रीची खाडी, मधल्या पट्टीत गाव, महामार्ग आणि कोकण रेल्वे. २५ आणि २६ जुलै २००५ च्या पावसात दासगाव, जुई, कोंडिवते आणि रोहन या महाड तालुक्यातल्या गावांवर दरडी आल्या आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. टपरीवरच्या आजोबांना आम्ही कशासाठी फिरतोय ते सांगितलं. ते म्हणाले, "दरड आली ते लोक विचारतात. मदत का नाही आली ते कुणी विचारत नाही. अहो, खाली रस्त्यावर पाणी होतं. येणार कुठनं?"

मी वहीत तिथेच लिहून घेतलं. आराखड्यात पुराचं प्रकरण वेगळं आणि दरडीचं वेगळं. पाऊस मात्र दोन्हींचा एकच असतो. डोंगर ज्या रात्री सुटतो त्याच रात्री खालचा रस्ता पाण्याखाली असतो, वीज गेलेली असते, मोबाइलचे मनोरे बंद पडलेले असतात. २२ जुलै २०२१ ला तळीये गावावर दरड आली तेव्हाही महाड शहर पुरात होतं आणि मोठी मदत दुसऱ्या दिवशी पोचली. अशा गावाच्या तिसऱ्या रकान्यात बाहेरची मदत धरायचीच नाही, गावातलीच माणसं, गावातलीच फावडी, गावातलीच शाळा धरायची, असं आम्ही ठरवलं.

महाडला दुपारी खानावळीत ओल्या काजूची उसळ आणि तांदळाची भाकरी मिळाली. काजूचा हंगाम सरत आला होता, त्यामुळे वाढणाऱ्या काकूंनी "आता पुढच्या वर्षीच" म्हणत आणखी एक वाटी दिली.

संध्याकाळी बाजारपेठेत एका कापड दुकानदार काकांनी दुकानाची मागची भिंत दाखवली. ऑइलपेंटने मारलेल्या दोन आडव्या रेघा, एकीवर २००५, दुसरीवर २०२१. वरची रेघ माझ्या हाताला पोचेना. बहिणीने फीत लावून दोन्ही मोजल्या. काकांचा सगळा माल लोखंडी घडवंच्यांवर होता आणि वर पक्का माळा बांधलेला होता. "जूनपासून गणपतीपर्यंत खालच्या दोन फळ्या रिकाम्याच ठेवतो," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाला दुकान ओकंबोकं वाटतं. वाटू दे."

महाड सावित्री आणि गांधारीच्या संगमावर आहे. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि घाटावरचा पाऊस काही तासांत इथे आणून सोडते. जुलै २०२१ च्या त्या दिवशी महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. हवामान खात्याच्या मोजणीत २४ तासांत २०४.५ मिलिमीटरच्या वर गेलेला पाऊस सगळ्यात वरच्या श्रेणीत येतो, म्हणजे हा त्याच्या जवळजवळ तिप्पट. महाडजवळ सावित्रीची इशारा पातळी ६.०० मीटर आहे आणि धोका पातळी ६.५०. दोहोंत फक्त अर्ध्या मीटरचं अंतर. वर्गात मी हे आकडे कैक वेळा फळ्यावर लिहिलेत, पण काकांनी त्यांचा अर्थ सांगितला: "इशारा झाला म्हटल्यावर आवरायला लागलात तर उशीर झाला. आम्ही पोलादपूरला फोन करतो, तिथे नदी कशी आहे विचारतो. तिथलं पाणी इकडे यायला वेळ लागतो, तेवढाच आपला."

त्यांचे व्याही पोलादपूरला राहतात. शहरातल्या किती दुकानदारांचे व्याही पोलादपूरला असतील? नदीच्या वरच्या गावातली खबर सगळ्यांना एकाच वेळी मिळावी, ती नात्यागोत्यावर राहू नये, ही त्या दिवसाची सगळ्यात महत्त्वाची नोंद.

रात्री पूल ओलांडून आलो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बसगाड्यांसह माणसं वाहून गेली. नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला.

जाणार असाल तर: महाडला मुक्काम सोपा आहे, पण पावसाळ्यात जिल्ह्याचा १०७७ हा क्रमांक फोनमध्ये घालूनच निघा. तळमजल्याची खोली मिळत असेल तर बदलून मागा आणि गाडी नदीकाठी लावू नका.

दुसरा दिवस: तळीयेच्या बाजूला

सकाळी महाडहून डोंगराकडे वळलो. तळीयेत २०२१ ला ८० हून अधिक माणसं गेली. त्या जागेचे फोटो आम्ही काढले नाहीत आणि तिथल्या कुणाला त्या दिवसाबद्दल विचारलंही नाही. लोकांनी ते पुष्कळदा सांगितलंय. लांबून डोंगराचा उतार पाहिला आणि पुढच्या एका वाडीत गेलो. तिथे माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं माहेर आहे.

तिच्या आईने पडवीत बसवून फणसाचे गरे पुढे ठेवले. आम्ही डोंगराबद्दल विचारल्यावर त्या उठल्याच. "चला, दाखवते." घरामागे पन्नासेक पावलांवर उतार कापून एक सपाट जागा केलेली होती, गोठ्यासाठी. कापलेल्या कडेला वरचा तांबडा थर आणि त्याखालचा काळा कातळ अगदी स्पष्ट दिसत होते. मी इतकी वर्षं फळ्यावर काढत आलेली आकृती समोर उभी होती. वरचा थर झिजलेल्या दगडाचा, पाणी पिणारा. खालचा कातळ पाणी घेत नाही. दिवसेंदिवस पाऊस लागून राहिला की वरचा थर भिजून जड होतो, मधे पाण्याचा पापुद्रा तयार होतो आणि पायथा कापलेला असेल तर वरच्या ओझ्याला खालून टेका उरत नाही.

बहिणीने कडेवरून हात फिरवला. एका ठिकाणी बोट आत जाईल एवढी फट होती. "ही कधीची?" तिने विचारलं. "गेल्या पावसाळ्यातली. यंदा त्यात आम्ही ही खुंटी मारलीय." फटीच्या दोन्ही बाजूंना एकेक बांबूची खुंटी आणि दोन्हींमधे ताणून बांधलेली सुतळी. सुतळी तुटली किंवा आणखी ताणली गेली की फट रुंदावली असं समजायचं. ही युक्ती मुलाने शाळेतल्या प्रशिक्षणातून आणली होती, आणि वाडीतल्या आणखी काही घरांनी ती उचलली होती. मला ते पाहून फार बरं वाटलं. महागड्या यंत्राची वाट न पाहता आजच्या आज करता येईल अशी ही गोष्ट आहे.

त्यांनी आणखी काय काय सांगितलं ते तसंच देते, कारण डोंगराखाली घर असलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक हवं. झाडं किंवा विजेचे खांब उताराच्या दिशेने कलायला लागले. जिथे कधी झरा नव्हता तिथे पाणी फुटलं. नेहमीच्या झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा आटलं. घराचं दार एकाएकी घट्ट बसायला लागलं. जनावरं गोठ्यात थांबेनात. यातलं काहीही दिसलं तर पाऊस थांबायची वाट पाहायची नाही, दिवसाउजेडी निघायचं. "रात्रीचं निघणं होत नाही हो," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्यांना धरून, पोरांना काखेत मारून, चिखलातनं, अंधारात? म्हणून संध्याकाळी चारलाच ठरवायचं, आजची रात घरात काढायची की शाळेत."

शाळा कुठे आहे विचारलं. ती वाडीच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठी. बहीण आणि मी एकमेकींकडे पाहिलं. निवाऱ्याची जागाच ओढ्याच्या वाटेत. बाईंनाही ते माहीत होतं. ग्रामसभेत त्यांनी पलीकडच्या सड्यावरच्या (उंच कातळ-पठारावरच्या) समाजमंदिराचं नाव सुचवलंय. आम्ही ते मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं.

निघताना त्यांनी आमसुलांची पुडी हातात दिली. परतीच्या वाटेवर वळिवाचा एक जोरदार सडाका आला. रस्त्याच्या वरच्या अंगाने लाल पाणी धावायला लागल्यावर आम्ही गाडी उताराखालून काढून मोकळ्या जागी नेली आणि अर्धा तास थांबलो.

तिसरा दिवस: केळशी

आजचा दिवस रत्नागिरी जिल्ह्यातला. सावित्रीच्या अलीकडे-पलीकडे जिल्हा बदलतो, समुद्र बदलत नाही. मंडणगडमार्गे केळशीला दुपारी पोचलो. महालक्ष्मीच्या देवळात गार फरशीवर थोडं बसलो. मुक्कामाच्या घरी घावन, नारळाचं दूध आणि कैरीचं लोणचं होतं.

केळशीला यायचं कारण खाडीच्या मुखाजवळची वाळूची टेकडी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. अशोक मराठे यांनी तिचा बरीच वर्षं अभ्यास केला. ही वाळू समुद्राच्या एका मोठ्या लोंढ्याने, म्हणजे त्सुनामीने आणून टाकली, असं त्यांचं प्रतिपादन. १५२४ मध्ये दाभोळजवळ समुद्र अचानक हादरल्याचं वास्को द गामाच्या ताफ्याच्या हकिगतीत आहे आणि टेकडीचा संबंध त्या घटनेशी लावला जातो. सगळ्या अभ्यासकांचं यावर एकमत नाही. पण कापल्या गेलेल्या अंगाला उभं राहिलं की वाळूतले शिंपल्यांचे आणि खापरांचे तुकडे दिसतात, आणि किनाऱ्यावर नेहमी दिसणाऱ्या वाळूपेक्षा हे काहीतरी वेगळं आहे हे कुणालाही कळतं.

कोकणात त्सुनामी म्हटलं की लोक हसण्यावारी नेतात. २८ नोव्हेंबर १९४५ ला मकरानच्या (पाकिस्तान-इराणच्या) किनाऱ्याजवळ ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला होता आणि त्याच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या, तिथेही माणसं दगावली. आता हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचं त्सुनामी इशारा केंद्र २००७ पासून काम करतंय. मकरानहून लाट यायला काही तास लागतात, त्यामुळे इशारा मिळू शकतो. प्रश्न केळशीच्या वाळूवर खेळणाऱ्या पोरांपर्यंत तो कसा पोचणार, हाच. यजमान काकांना विचारलं. ते म्हणाले, "देवळाची घंटा आणि मशिदीचा भोंगा. दोन्ही एकदम वाजले की समजायचं काहीतरी मोठं आहे. आमच्यात तसं ठरलंय." दर्ग्याच्या उरुसाला आणि देवीच्या उत्सवाला दोन्हीकडची माणसं एकत्र राबतात, तेव्हा हे ठरवणं जड गेलं नसावं.

जाणार असाल तर: टेकडीवर चढून वाळू घसरवू नका, ती अभ्यासाची वस्तू आहे. राहण्याची घरं थोडी आहेत, आधी फोन करून जा. मोबाइलला सगळीकडे रेंज नाही.

चौथा दिवस: वेसवीची जेट्टी, हरिहरेश्वर, श्रीवर्धन

वेसवीहून बागमांडल्याला गाडीसकट फेरीबोटीने जाता येतं. जेट्टीवर थांबलो असताना जाळं विणत बसलेल्या एका मामांशी गप्पा झाल्या. एक जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, त्यामुळे होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारायचं काम चालू होतं. आगोटीची घाई: सुकट, बोंबील, मीठ, लाकूडफाटा, सगळी बेगमी पावसाआधी.

मामांनी भरतीचं गणित सांगितलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. बारीकसारीक फरक पडतो, पण अंदाज चुकत नाही. फेरीत बसल्याबसल्या मी फोनवर जुनं पंचांग काढलं. २२ जुलै २०२१ ला आषाढ शुद्ध त्रयोदशी होती. तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे सकाळी दहाच्या सुमारास आणि पुन्हा रात्री त्याच सुमारास भरती, तीही गुरुपौर्णिमा तोंडावर आलेली असताना, उधाणाची. घाटावरून लोंढा उतरत असताना खाडीचं तोंड समुद्राने तुंबवलेलं होतं. महाडच्या दुकानदार काकांच्या भिंतीवरच्या २०२१ च्या रेघेत या पाण्याचाही वाटा आहे.

मग ३ जून २०२० ची तिथी पाहिली. निसर्ग चक्रीवादळ त्या दिवशी दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं. ज्येष्ठ शुद्ध द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे भरती सकाळीच येऊन गेली होती आणि वादळ आलं तेव्हा पाणी उतरत होतं. तेच वादळ रात्री नऊ-दहाला आलं असतं तर? हा प्रश्न मी त्या दिवशी भेटलेल्या प्रत्येकाला विचारला. बहुतेक जण थोडा वेळ गप्प झाले. किनाऱ्याच्या जोखमीचा हिशोब करताना निसर्ग हे सगळ्यात वाईट धरता येणार नाही. त्या दिवशी भरती-ओहोटीचं नशीब आपल्या बाजूने होतं.

हरिहरेश्वरला दर्शन घेऊन लगेच निघालो, प्रदक्षिणेच्या कातळवाटेवर लाटा चढलेल्या होत्या. पावसाळी हवेत आणि भरतीला त्या वाटेने जाऊच नका.

श्रीवर्धनला मात्र दुपारभर थांबलो. बाळाजी विश्वनाथांचं हे गाव, आणि श्रीवर्धनी रोठा सुपारीचंही. एका वाडीत काकूंनी आत नेलं. निसर्गमध्ये त्यांच्या वाडीतली सुपारी आणि नारळ मिळून निम्म्याहून जास्त झाडं आडवी झाली होती. कित्येक आठवडे वीज नव्हती, विहिरीवरचा पंप बंद, उभी राहिलेली झाडंही सुकायला लागली. "वारा दोन-तीन तासांचा," त्या म्हणाल्या, "पण सुपारी लावली की सहा-सात वर्षं तोंडाकडे बघत बसायचं." नवी रोपं आता कुठे धरायला लागलीत. एका कोवळ्या झाडाच्या बुंध्यावर, शेंड्याखाली, पहिला घड दिसत होता, हिरव्या बारीक सुपाऱ्यांचा, मुठीत मावेल एवढा. त्यांनी तो तोडायचा नाही असं घरात सांगून ठेवलंय.

नुकसानभरपाई घराची मिळते, पडलेल्या झाडाची मिळते. मधल्या सहा वर्षांच्या उत्पन्नाचं काय, हा रकाना कुठल्याच अर्जात नसतो. जोखीम मोजताना किती माणसं आणि किती घरं हे पाहतात, ते बरोबरच आहे, पण कोकणातलं कुटुंब वाडीवर जगतं, आणि ती उभी राहायला एक पोर शाळा संपवून बाहेर पडतं एवढा काळ लागतो. दालचिनी, जायफळ, मिरी असं मिश्र पीक असलेल्या वाडीचं थोडंतरी लवकर सावरलं, असं काकूंचं निरीक्षण. कोकम सरबत पिताना त्यांनी बहिणीकडून पंपासाठी जनरेटर किती क्षमतेचा लागेल तेही विचारून घेतलं. शेजारच्या चार वाड्यांमधे मिळून एक घ्यायचा विचार आहे.

पाचवा दिवस: दिवेआगर, अलिबाग

दिवेआगरच्या मुक्कामी रात्री उकडीचे मोदक मिळाले. सकाळी यजमान दादांनी छपरावर नेलं. बहीण खूश झाली. २०२० ला त्यांचे पत्रे उडून शेजारच्या विहिरीत पडले होते. आता पत्र्यांना जे-हुक जवळजवळ घातलेत, आणि कडेच्या ओळीत आणि कोपऱ्यांत दुप्पट, कारण वारा छप्पर आधी कडेनेच उचलतो. पुढे आलेला पत्रा कमी केलाय, भिंतीच्या माथ्यावरून लोखंडी पट्टी फिरवून वासे तिला बांधलेत. बहिणीने प्रत्येक जोडाचा फोटो घेतला. तिच्या मते नव्या घराला हा खर्च फारसा नाही, जुन्याला थोडा जास्त, आणि गावातल्या गवंड्यांना हे एकदा नीट दाखवलं तर घरोघरी होईल.

किनाऱ्यावर सुरूच्या बनात पडलेल्या झाडांच्या जागी नवी लावलेली दिसली. पुढच्या अंगाला केवडा आणि किनारवेल स्वतःहून परतलेत. वाळू धरून ठेवायचं काम तीच करतात, त्यामुळे बीच साफ करायच्या नावाखाली ती उपटू नये असं दादा पर्यटकांना सांगतात. तुम्ही गेलात तर वाळूत गाड्याही घालू नका.

दुपारी अलिबागला जिल्हा नियंत्रण कक्षात आमच्या नोंदींची प्रत दिली: ओढ्याकाठची शाळा, पोलादपूरची खबर, पूर आणि दरड एकाच पानावर घेण्याची सूचना. तिथल्या अधिकारी ताईंनी शाळेची नोंद समोर बसूनच तालुक्याला कळवली आणि समाजमंदिराची चावी कुणाकडे असते ते विचारलं. आम्हाला ते माहीत नव्हतं. वाडीला फोन लावला, विद्यार्थिनीच्या आईने सांगितलं, ते नावही लिहिलं गेलं.

वडखळमार्गे रात्री पुण्याला परतलो. पावसाळा सरला की पोलादपूरला जायचं आहे. तुमच्या गावात, दुकानात, देवळाच्या भिंतीवर २००५, २०२१ किंवा आणखी जुन्या पुराची खूण असेल तर रंग देण्याआधी जमिनीपासून तिची उंची फितीने मोजा, तारीख, वेळ आणि जमल्यास तिथी लिहा, फोटो काढा आणि ग्रामपंचायतीत एक प्रत देऊन पोच घ्या.